झाड बोलतं, पण आपल्याशी नाही

कोकणातल्या एखाद्या जुन्या वाडीत जाऊन रायवळ आंब्यांची नावं विचारावीत. शेंदऱ्या, खोबऱ्या, शेप्या, साखरगोटी, बिटकी. हापूस-पायरी म्हणतो तशी ही जातींची नावं नव्हेत, ही एकेका झाडाची नावं. शेप्याच्या फळाला शेपूचा वास, बिटकी दोन चोखण्यांत संपणारी. एकाच बांधावरच्या दोन रायवळांची पालवीसुद्धा सारखी नसते, एकाची तांबूस-जांभळी तर दुसऱ्याची पोपटी. झाड वाऱ्यात पडलं की बहुधा त्याच्याबरोबर नावही जातं.

झाडाला स्वभाव असतो म्हटलं की काहीजण डोळे मिटून बुंध्याला मिठी मारतात आणि काहीजण हसून विषय बदलतात. दोघांचंही झाडाकडे बघायचं राहून जातं. स्वभाव आहे, पण तो कुठून आला हे आधी निस्तरावं लागतं, आणि त्यासाठी आंब्याइतका चांगला गुरू नाही.

रायवळ कोयीतून उगवतो. प्रत्येक कोय म्हणजे आईबापांची नवी सरमिसळ, म्हणून प्रत्येक झाड वेगळं. हापूस मात्र कलमाने वाढवलेला, म्हणजे जनुकांच्या हिशेबाने जवळपास एकच जीव असंख्य बागांत उभा केलेला. त्यामुळे शेजारच्या दोन हापूसांत फरक दिसला तर तो जन्माचा कमी आणि जागेचा जास्त. एकाखाली कातळ चार फुटांवर लागतो, दुसऱ्याला विहिरीची ओल मिळते. त्यातही एक गोम आहे. कोयकलमात खालचं रोप रायवळाचं असतं आणि वरची काडी तेवढी हापूसची. मुळं प्रत्येक झाडाची निराळी, डोकं सगळ्यांचं एक. सांध्याच्या खालून आलेला फुटवा वेळीच काढला नाही तर तो जोमाने वर जातो आणि काही वर्षांनी मालक म्हणतो, झाड बदललं, फळ आंबट लागतं. झाड बदललेलं नसतं, खालचा भाडेकरू मालक झालेला असतो.

आंब्याचा आणखी एक स्वभाव म्हणजे तो अख्खा एकदम काही करत नाही. अर्ध्या झाडाला मोहोर आणि अर्ध्याला कोवळी पालवी, हे दृश्य नेहमीचं. ज्या डहाळीला उशिरा पालवी फुटली ती डहाळी त्या हंगामात बहुधा मोहोरत नाही. मोठं फळ धरलेलं झाड पुढच्या वर्षी हात आखडतं. आपण म्हणतो झाड रुसलं. न फळणाऱ्या झाडाला कुऱ्हाडीचा धाक दाखवायची रीत जगात अनेक ठिकाणी आहे. नुसत्या धाकाने काही होत नाही. पण सालीला खरोखर घाव बसला की पानात तयार झालेली साखर सालीतून मुळांकडे उतरायची थांबते, वरच साठते आणि कधीकधी त्याने फुलं येतात. धाक फळला असं वाटतं, फळलेला असतो तो घाव. घाव पूर्ण गोल फिरला तर मुळं उपाशी राहून झाड मरतं, हे मात्र ध्यानात ठेवावं.

जन्माचा भाग बाजूला काढला की उरतो तो झाडाच्या अंगावर लिहिलेला भाग, आणि तो वाचता येतो. सह्याद्रीच्या माथ्यावर उभ्या झाडांची डोकी पूर्वेकडे झुकलेली दिसतात, कारण पावसाळी वारा चार महिने पश्चिम-नैऋत्येकडून झोडपतो आणि त्या बाजूची कोंबं टिकत नाहीत. झाड कलंडलं की खोड स्वतःला सरळ करायला वेगळ्या प्रतीचं लाकूड घालतं. आंबा-वडासारखी रुंद पानांची झाडं हे लाकूड वरच्या बाजूला घालतात आणि दोरीने ओढल्यासारखं खोड वर खेचतात. पाइनसारखी सूचिपर्णी झाडं ते खालच्या बाजूला घालतात आणि टेकू दिल्यासारखी ढकलतात. खोडाचा खालचा भाग तिरका आणि वरचा सरळ, असं झाड म्हणजे पूर्वी कधीतरी कलंडून सावरलेलं झाड. अख्खंच्या अख्खं तिरकं आणि बुंध्याशी माती फुगलेली, भेगाळलेली असेल तर ते नुकतं कललंय. त्याच्याखाली गाडी लावू नये.

डोंगरउतारावर बुंध्याला त्रिकोणी काळी खपली दिसली तर ती चढाकडच्या बाजूला आहे का बघावं. उतारावरून घरंगळत आलेला पाचोळा त्या बाजूला साठतो, वणवा आला की तिथेच जास्त वेळ धुमसतो आणि साल मरते. कोकणात आणि मावळात ऐनाची अशी झाडं दिसतात की खोड जाडजूड, डोकं मुठीसारखं गाठाळ आणि त्यातून छडीसारख्या बारीक फांद्या. ती राबासाठी वर्षानुवर्षं टहाळ तोडलेली झाडं. भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजायला शेण, टहाळ, गवत आणि वर माती असे थर लावतात, त्यासाठी ऐन खाली उतरवला जायचा. त्या गाठी म्हणजे शेतकऱ्याच्या कोयत्याची वही.

जखमा वाचायला शहरातली झाडंही पुरतात. अमेरिकन वनशास्त्रज्ञ अलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम माणसासारखी भरत नाही. कुजलेला भाग आत तसाच राहतो, झाड त्याच्याभोवती भिंती उभारतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. ते कडं न दुखावता त्याच्या बाहेरून कापलं तर पुढे जखमेभोवती गोल, मेदूवड्यासारखी कडा चढते. खोडाला घासून कापलं तर कडा फक्त दोन्ही बाजूंनी येते, वरखाली येत नाही, आणि जखम डोळ्याच्या आकाराची दिसते. रस्त्यावरच्या झाडांवर हे डोळे मोजले की छाटणी कोणाच्या हाती होती ते कळतं. मोठी फांदी काढताना पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर खालून, जाडीच्या चौथाईपर्यंत. दुसरा त्याच्या जरा पुढे वरून, म्हणजे फांदी साल न सोलता पडते. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, कड्याच्या बाहेरून. डांबर किंवा रंग फासायची गरज नाही, त्याने कुजणं थांबत नाही. आणि ज्या झाडाच्या जुन्या बुंध्यावर एकाएकी कोवळ्या फुटव्यांचे झुबके आलेत ते खुशीत नसतं. वरचा डोलारा किंवा मुळं दुखावल्याची ती खूण असते, लोक मात्र ‘छान पालवलंय’ म्हणून फोटो काढतात.

रानाचा स्वभाव याच डोळ्यांनी वाचावा. सगळ्या खोडांचा घेर सारखा असेल तर ते लावलेलं बन. मोठी झाडं आहेत, पण बोटाएवढी आणि मनगटाएवढी रोपं नाहीत, तर गुरं किंवा वणवा दरवर्षी येतो. एका बुडख्यातून तीन-चार खोडं म्हणजे तोड होऊन पुन्हा फुटलेलं रान. देवराईत यातलं काही नसतं. तिथे मांडीएवढ्या जाडीची गारंबी झाडावरून झाडावर गेलेली असते, तिच्या शेंगा मीटरभर लांब. वेल इतकी जाड होते ती कोणी कोयता न लावल्यामुळे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया नोंदवल्या. कोकणात देवराईतलं झाड तोडण्याआधी देवाला कौल लावायची पद्धत आहे. परवानगी देवाकडे मागायची. थेट झाडाला विचारायच्या भानगडीत जुनी माणसंही पडली नव्हती.

आता बोलण्याकडे येऊ. इथे एकच प्रश्न कामाला येतो: कोणाशी?

ऐनाचं पान उलटं करून देठाजवळ मध्यशिरेवर बघा. एक-दोन छोट्या गाठी दिसतील, देठावर बसवलेल्या वाटीसारख्या. ऐन ओळखायची ही पक्की खूण. त्या मधुग्रंथी आहेत, फुलाबाहेर मध देणाऱ्या. एप्रिल-मे महिन्यातली कोवळी पानं घ्या, १० पट भिंग लावा आणि सकाळी बघा. मुंग्या त्या गाठींना तोंड लावून बसलेल्या सापडतील. ज्यांच्या आसपास ऐन नाही त्यांनी एरंड बघावा, देठ पानाला मिळतो तिथे दोन ठळक गाठी असतात. शिरिषाच्या पानाच्या दांड्यावरही एक असते. हा मध मुंग्यांना दिलेला पगार आहे, त्या बदल्यात त्या अळ्या-किड्यांना हुसकतात. आपल्याकडच्या चांदाडा या झाडाच्या एका भाऊबंदावर मलेशियात प्रयोग झाले, त्यात पान खाल्लं गेल्यावर अशा ग्रंथींतला मध वाढलेला दिसला. म्हणजे पान कुरतडलं, झाडाने पगार वाढवला, पहारेकरी जास्त आले. याला निरोप म्हणायला माझी हरकत नाही. चूक होते ती एकाच कारणाने: लोक जून पानं बघतात, ग्रंथी सुकलेल्या असतात, आणि ‘काही नाही यात’ म्हणून पुढे जातात.

दुसरा निरोप उंबराचा. उंबराचं फळ म्हणजे आत वळलेल्या फुलांची पिशवी, टोकाला एक बारीक छिद्र. फुलं तयार झाली की फळातून विशिष्ट वास सुटतो आणि त्या वासावर उंबराचीच केंबरं, म्हणजे चिलटाएवढे उडते किडे, येतात. मादी छिद्रातून आत घुसते तेव्हा तिचे पंख तुटतात. आत ती काही फुलांत अंडी घालते, अंगावरचे परागकण इतरांना लागतात, आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीत आधी बिनपंखी नर निघतात, माद्यांशी जुगतात, भिंत पोखरून वाट करतात. माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या हातात एक-दोन दिवस असतात आणि ज्या झाडावरून त्या निघाल्या तिथे त्या वेळी बहुधा तयार फुलंच नसतात, दुसरा उंबर शोधावा लागतो. म्हणून परिसरातले उंबर एकाच वेळी फळत नाहीत.

हे बघायचं तर लहान गोटीएवढी कच्ची हिरवी फळं घ्या आणि टोकाच्या छिद्रावर भिंग धरा. अडकलेले पारदर्शक पंख दिसले तर निरोप पोहोचलाय. उडती केंबरं बघायची असतील तर फळ लाल व्हायच्या जरा आधी फोडावं. लाल होऊन भोक पडलेल्या फळात बहुतेक माद्या निघून गेलेल्या असतात, मागे राहतात ते मेलेले नर. ‘उंबर फोडून केंबरं काढू नयेत’ असं म्हणणाऱ्यांनी फोडण्याची वेळ नेमकी हेरली होती.

झाडं एकमेकांना सावध करतात ही गोष्ट १९८३ साली गाजली, जेव्हा कुरतडलेल्या झाडांच्या शेजारची न कुरतडलेली झाडंही पानांत बचावाची रसायनं वाढवतात असं दोन अमेरिकी प्रयोगांत दिसलं. आधी टीका झाली, नंतर पुरावा वाढत गेला. सेजब्रश या अमेरिकी झुडपावर रिचर्ड कारबान यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यात वासाची ही खबर साधारण ६० सेंटिमीटरच्या आत असलेल्या शेजाऱ्यांना उपयोगी पडते असं दिसलं. दोन फूट. अख्खं रान कुजबुजत नाही, हाताच्या अंतरावर कुजबुज होते. शिवाय त्या झुडपाच्या एका फांदीची खबर दुसऱ्या फांदीला आतून नीट जात नाही, तीही हवेतूनच जाते. तेव्हा हा निरोप मुळात स्वतःसाठी असावा आणि शेजारी तो चोरून ऐकत असावा, हेच मला जास्त पटतं.

झाडांची मुळं बुरशीच्या धाग्यांनी जोडणाऱ्या जमिनीखालच्या जाळ्याबद्दल मात्र हात राखून बोलावं. वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड यांचा १९९७चा प्रयोग कॅनडातल्या बर्च आणि डग्लस फरच्या रोपांवरचा. माग काढता येईल असा खुणेचा कार्बन एकातून दुसऱ्यात गेला, आणि फरला मिळालेला निव्वळ फायदा प्रकाशसंश्लेषणातून घेतलेल्या अशा कार्बनच्या सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास होता. त्यावरून ‘आई-झाड पिल्लांना दूध पाजतं’ इथपर्यंत गोष्ट पोहोचली. २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट आणि सहकाऱ्यांनी सगळे पुरावे पुन्हा तपासले आणि मोठी झाडं बुरशीच्या जाळ्यातून आपल्या नात्यातल्या रोपांना निवडून खबर देतात याला रानातला आधार सापडत नाही, असं लिहिलं. आपल्यासाठी आणखी एक अडचण आहे. त्या थंड रानांतली बुरशी मुळांवर बाहेरून आवरण घालणारी. आपल्याकडच्या जांभूळ-आंबा-अंजनीच्या मुळांतली बुरशी दुसऱ्या प्रकारची, पेशींच्या आत शिरणारी आणि छत्री न उगवणारी. तिकडचे निष्कर्ष इकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पहिल्या प्रकारची बुरशी पाहायचीच असेल तर पहिल्या पावसानंतर बस्तरच्या बाजारात विकायला येणारा बोडा बघावा. सालाच्या मुळांशी जोडलेली ती बुरशी, आणि चवीला उत्तम.

एकाच वेळी घडतं म्हणजे बोलून ठरवलं, हा सगळ्यात सोपा घोटाळा. मिझोरममधला बांबू ४८ वर्षांनी एकदम फुलतो. १९५८-५९ मध्ये फुलला, उंदीर माजले, दुष्काळ पडला, पुढचा फुलोरा २००६-०८ चा. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी उतारच्या उतार जांभळे करते. तिथे कोणी कोणाला हाक मारत नाही. एकाच वेळी रुजलेली पिढी आतल्या घड्याळावर एकाच वेळी वयात येते, इतकंच. एका वर्गातली मुलं एकाच वर्षी दहावीला बसतात, तसं.

आवाजाचंही असंच. बुंध्याला स्टेथोस्कोप लावून ‘रस वाहताना ऐकू येतो’ म्हणतात. ऐकू येतो तो वाऱ्याने हलणाऱ्या फांद्यांचा, सालीखालच्या किड्यांचा आणि आपल्याच हाताच्या घासण्याचा आवाज. खरा आवाज आपल्या कानापलीकडचा आहे. तेल अवीवच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांचे ४० ते ८० किलोहर्ट्झचे टकटक आवाज नोंदवले. तहानलेलं किंवा कापलेलं रोप तासाला ३० ते ५० वेळा, पाणी मिळालेलं एखाद्याच वेळी. पाण्याच्या नळीत हवेचा बुडबुडा फुटल्याचा तो आवाज असावा. गुडघा दुमडला की कट् वाजतो, त्याला आपण बोलणं म्हणत नाही.

पानाला चिमटे लावून संगीत वाजवणारी यंत्रं विकत मिळतात. ती विद्युतरोध मोजतात. हवेतली ओल, वायरचं हलणं, हाताचा घाम, सगळ्याने सूर बदलतो. घ्यायचंच असेल तर पहिल्या दिवशी चिमटे ओल्या फडक्याला लावून बघावं. जगदीशचंद्र बोस यांनी शतकापूर्वी वनस्पतींच्या विद्युत प्रतिसादाचे जे प्रयोग केले त्यांत उद्दीपन, मात्रा, वेळ सगळं मोजलेलं होतं. उलट १९६६ मध्ये क्लीव्ह बॅक्स्टर यांनी लाय डिटेक्टर लावून झाडाला माणसाचे विचार कळतात असं म्हटलं, ते १९७५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पुन्हा करून बघितलं तेव्हा काही निघालं नाही.

मग एखाद्या झाडाची ओळख करून घ्यायची कशी? जाता-येता दिसणारं एकच झाड निवडा, दूरचं सुंदर झाड नको. जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर मोजा, उतार असेल तर चढाच्या बाजूने. उभं राहायच्या जागेवर खडूची खूण करून तिथूनच फोटो काढत जा. आठवड्यातून एकदा पालवी, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं यांपुढे ‘नाही’, ‘थोडं’ किंवा ‘भरपूर’ लिहा. सीझनवॉच या भारतीय उपक्रमात अशीच नोंद होते, तिसऱ्या हिश्शाच्या खाली ‘थोडं’, वर ‘भरपूर’. जोडीला शक्य तर त्याच जातीचं दुसरं झाडही घ्या, नाहीतर जातीचा स्वभाव तुम्ही झाडाच्या नावावर खपवाल. हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. दुसरी, फक्त फुलांच्या दिवसांत लिहायचं. वहीत ‘काही नाही’ लिहिलेले आठवडे जास्त उपयोगी असतात.

आणि संध्याकाळी झाडाला हात लावू नको, झोपलंय ते, असं आजी सांगायची त्याबद्दल. चिंच, आवळा, शिरीष, रस्त्यावरचा रेन ट्री यांची पानं अंधार पडला की मिटतात. पानाच्या बुडाशी फुगीर सांधा असतो, त्यातल्या एका बाजूच्या पेशींतलं पाणी दुसरीकडे सरकतं. दाट ढग आले तर रेन ट्री भर दुपारीही मिटू लागतो. ज्या झाडांची पानं मिटत नाहीत त्यांचं काय, हे फिनलंड आणि ऑस्ट्रियात लेझरने मोजलं गेलं. २०१६ च्या त्या अभ्यासात पाच मीटर उंचीचे बर्च रात्री फांद्या १० सेंटिमीटरपर्यंत खाली सोडत होते. घरच्या अंगणात लेझरची गरज नाही. आडव्या फांदीच्या टोकाला दोरा बांधून खाली खिळा लटकवा, मागे भिंतीवर पट्टी चिकटवा आणि संध्याकाळी ६, रात्री १० आणि पहाटे ५ ला आकडा लिहा. दोरा सुती नको, ओलीने आखडतो. पॉलिएस्टरचा घ्या. वाऱ्याच्या आणि पावसाच्या रात्री सोडून द्या, आणि थंडीत हा प्रयोग करू नका, कारण पहाटेचं दव पानांवर बसलं की फांदी त्या वजनानेही खाली येते आणि झोप किती, दव किती ते वेगळं काढता येत नाही.